पिकअपचं मागचं चाक जागेवर फिरतंय? लॉकर घेण्याआधी वजनकाटा गाठा

जुलैतली गोष्ट. मुरबाडजवळ ओळखीच्यांच्या शेतावर खताच्या पंचवीस गोण्या उतरवल्या, चहा झाला आणि भांडुपला परत निघायला गाडी सुरू केली. सव्वा टनाच्या आसपास माल घेऊन जी पिकअप त्याच गवतावरून मुकाट आत आली होती, ती रिकामी झाल्यावर डांबरी रस्त्यापासून दहा-बारा फुटांवर अडून बसली. क्लच सोडला की डावं मागचं चाक गरागरा फिरायचं, उजवं ढिम्म. मी आणखी रेस दिली. चाकाने गवत सोलून काढलं, लाल चिखल फाळक्यावर उडाला आणि हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधलं धुऱ्याचं लोखंडी कवच) जमिनीला टेकायला आलं. शेतावरचे मामा बांधावर बसून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "दादा, गाडी हलकी झाली. गोण्या चढवा परत."

आठ गोण्या चढवल्या, चाकापुढे पेंढा कोंबला, दुसऱ्या गिअरवर हळूच सोडली. गाडी निघाली. मग त्या आठ गोण्या डांबरी रस्त्यावरून पाठीवर परत शेतात.

नवीन पिकअप घेतलेली मंडळी विचारतात, लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं यंत्र) कुठला बसवू, टायर किती इंची घालू, मनालीला बर्फात न्यायची आहे तर काय काय लागेल. माझा क्रम त्याच्या उलटा आहे. आधी फुकटात होतं ते, मग स्वस्तात होतं ते, आणि लॉकर सगळ्यात शेवटी. मुंबईत बर्फ पडत नाही हे खरं, पण मागचं चाक घसरण्याचं कारण शहापूरच्या चिखलात आणि मनालीजवळच्या सोलंगच्या बर्फात एकच आहे. तिकडे एकोणीसशे किलोमीटर जाण्याआधी इकडच्या पावसात हात साफ करून घ्या.

पायरी १: मागे वजन किती आहे ते मोजा

पिकअपचं इंजिन पुढे, केबिन पुढे, आणि मागे रिकामा हौदा. कंपनी मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, एक-दीड टन माल धरून बनवते, त्यामुळे रिकाम्या गाडीत मागची चाकं, इंजिन ज्यांना फिरवतं तीच, जमिनीवर नुसती टेकलेली असतात. कार घसरत नाही तिथे पिकअप घसरते ती यामुळे.

कळंबोलीला, भिवंडीला, कुठल्याही वजनकाट्यावर जा. आधी अख्खी गाडी चढवा, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागची ठेवा. माझी रिकामी गाडी १,६८० किलो भरली, त्यात मागच्या चाकांवर ७००. म्हणजे ढकलायचं काम ज्यांच्याकडे, त्या चाकांवर निम्माही भार नाही.

आता रेतीची पोती. शंभर ते दीडशे किलो पुरे, साधारण पंचवीस-पंचवीस किलोची चार ते सहा. मोठं पोतं भरू नका, थंडीत एकट्याने उचलायची वेळ येते. ठेवायची मागच्या धुऱ्याच्या बरोबर वर, किंवा किंचित पुढे. बहुतेक जण फाळक्याला टेकवून ठेवतात आणि तिथेच चुकतात. गाडी धुऱ्यावर तराजूसारखी तोलते. तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या धुऱ्यातलं अंतर) गाडीत दीडशे किलो धुऱ्यामागे अर्धा मीटर ठेवले, तर पुढच्या चाकांवरचे पंचवीस किलो कमी होतात. चिखलात हे चालून जाईल, बर्फाच्या वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जायला लागेल.

पोती बांधा. खालच्या कड्यांना पट्टा लावून ताणून बांधा, नुसती ताडपत्री टाकून भागत नाही. ब्रेक मारल्यावर सुटं पोतं केबिनच्या काचेवर येतं. काही जण रेतीऐवजी पाण्याचा ड्रम ठेवतात, तो नको, पाणी वळणावर एका बाजूला धावतं. रेतीचा आणखी एक फायदा असा की अडलात तर तीच चाकाखाली टाकता येते. मात्र बर्फाच्या प्रदेशात न्यायची असेल तर वाळवून भरा, ओली रेती रात्रीत गोठून दगड होते.

दीडशे किलोने माझ्या गाडीत मागचा भार ७०० चा ८५० झाला, पाचव्या हिश्शाहून जास्त वाढला. खर्च जवळजवळ काही नाही.

पायरी २: वाढवलेला पाटा

हे मुंबईतल्या सेकंडहॅण्ड गाड्यांसाठी खास. मालवाहतुकीला वापरलेल्या पिकअपला आधीच्या मालकाने कमानवाल्याकडून (पाटे दुरुस्त करणाऱ्याकडून) एखादा पाटा वाढवून घेतलेला असतो. माल जास्त बसतो, पण रिकाम्या गाडीचा मागचा भाग लाकडासारखा कडक होतो. खड्ड्यात एक चाक खाली जायला हवं तेव्हा ते जातच नाही, हवेत लटकतं, आणि लटकलेलं चाक फिरत बसतं. खाली वाकून दोन्ही बाजूंचे पाटे मोजा आणि मूळ संख्येशी ताडून बघा. वाढवलेला असेल आणि तुम्ही जड माल नेत नसाल, तर काढून घ्या. कंपनीच्या मूळ संचातला पाटा मात्र काढू नका.

वाकलाच आहात तर यू बोल्ट (पाटे धुऱ्याला बांधणारे), शॅकलची (पाट्याच्या टोकाच्या कडीची) बुशं आणि शॉकॲब्जॉर्बर बघून घ्या. शॉक गेलेला असला की चढावर चाक टप टप उड्या मारतं. तशा उड्या मारत असताना रेस दिलीत तर ॲक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटू शकतो.

पायरी ३: हवा

गाडीवर ताबा मिळवण्याचं याहून स्वस्त साधन नाही, आणि नवखे याच्याकडेच बघत नाहीत.

रिकाम्या गाडीत मागच्या एका चाकावर समजा ३४० किलो, म्हणजे साडेसातशे पौंड. हवा ४० पीएसआय (दर चौरस इंचाला ४० पौंड दाब) असेल तर टायर जमिनीला कागदी हिशोबाने साधारण १९ चौरस इंच टेकतो. २० केली की ३७. प्रत्यक्षात टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळे आकडा तंतोतंत दुप्पट होत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. टायरचा ठसा मुख्यतः लांबीने वाढतो, रुंदीने कमी. लांब ठसा मऊ जमिनीत रुतत नाही, वरून चालतो.

आकडे कुठून सुरू करायचे? रिकाम्या किंवा हलक्या गाडीला ओल्या कच्च्या रस्त्यावर २५ ते २८, चिखलात २० ते २२, कोरड्या वाळूत १५ ते १८. पंधराच्या खाली साध्या रिमवर टायरची कड निसटायची भीती असते. पूर्ण माल भरलेला असेल तर हवा कमी करायचीच नाही, टायर तापून फुटतो. कमी हवेवर वेग तीस-चाळीसच्या आत, आणि वळण झटक्यात घ्यायचं नाही.

बर्फाचं थोडं वेगळं. खोल, भुसभुशीत बर्फ असेल तर १८-२० पर्यंत उतरवा. पण डांबरावर दाबला गेलेला पातळ बर्फ असेल, आणि डोंगरात बहुतेक वेळा तसाच असतो, तर गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा ठेवा. तिथे चाक रुतत नाही, नुसतं घसरतं.

मुंबईत तीस अंशांत भरलेली हवा थंडीत घटते, दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय. उलट उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने मीटर थोडं जास्त दाखवतो. हे दोन्ही एकमेकांना कसं कापतं याचा हिशोब करत बसू नका. तिथे पोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरवर मोजा.

मात्र हवा काढणारा माणूस भरण्याची सोय बरोबर ठेवतो. पंक्चरवाला नाक्यावर असतो, शेतात नसतो. बॅटरीला थेट चिमटे लावायचा बारा व्होल्टचा कंप्रेसर घ्या. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा छोटा पंप पिकअपच्या टायरपुढे दमतो आणि फ्यूज उडवतो. हवा मोजायचं मीटर स्वतःचं ठेवा, प्रत्येक पंपावरचा काटा वेगळं बोलतो.

पायरी ४: टायर

आपल्याकडे टेम्पो-पिकअपवाले पूर्वीपासून पुढे रिब आणि मागे लग घालत आले आहेत. रिबवर लांब सरळ रेघा, स्टिअरिंगला चांगल्या. लगवर आडवे जाड दात, माती पकडायला. ही जोडी कच्च्या रस्त्याला आजही उत्तम आहे. पण लग टायरचं रबर टिकण्यासाठी कडक केलेलं असतं आणि पावसातल्या गुळगुळीत काँक्रीटवर ब्रेक मारला की ते आपली लायकी दाखवतं. हायवेने रोज भांडुप ते वाशी आणि महिन्यातून दोनदा शेत, असा वापर असेल तर ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टायर घ्या. मड टेरेन घेऊ नका, दिसायला भारी असले तरी. त्यांचे मोठे ठोकळे चिखल झटकतात, पण बर्फावर त्यांच्याकडे पकडायला काहीच नसतं. बर्फाला लागतात ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा, आणि थंडीत मऊ राहणारं रबर. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं.

टायरच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फाची ठरावीक चाचणी पास झालेला आहे. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं. भिंतीवरचा चार आकडी तारीख-कोडही वाचा: ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला "एकदम नवा माल आहे शेठ" म्हणून तीन वर्षं पडून राहिलेला टायर गळ्यात मारतात, तो या आकड्याने पकडता येतो. खाचांची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, बर्फासाठी ४ च्या खाली गेलेला टायर मी नेणार नाही.

मागच्या दोन्ही चाकांना एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सारखे झिजलेले टायर हवेत. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला असेल तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, पायरी ७ मध्ये येईल) सतत काम करत राहतं. माप वाढवायचा मोह झाला तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा, गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला त्यात मनाई आहे. अपघातानंतर विमा कंपनीला टायरचं माप वाचता येतं.

पायरी ५: पाय हलका

दुसऱ्या गिअरवर निघा. क्लच सावकाश पूर्ण सोडा, रेस जवळपास नकोच, डिझेल इंजिन आयडलवरही गाडी ढकलतं. चाक फिरायला लागलं की पाय काढा. लगेच. फिरणारं चाक दर सेकंदाला खड्डा खोल करतं, आणि बर्फावर ते खालचा थर वितळवून चकचकीत काच बनवतं.

पुढे जात नसेल तर मागे या. आपण आलो ती चाकोरी आधीच दाबलेली असते, तीच गाडीला बाहेर काढते. थोडं मागे, थोडं पुढे असं झुलवत चाकोरी लांबवा. दोन-तीनदा करून भागलं नाही तर थांबा, उतरा, फावडं घ्या. चाकापुढची माती उताराने काढा, हाउसिंगखालची मोकळी करा, मग गोणपाट, पेंढा, काटक्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायची खडबडीत फळी) चाकाला चिकटवून आत घुसवा. बोर्ड नुसता पुढे टाकला तर चाक तो मागे भिरकावतं, म्हणून मागे कोणी उभं राहू नये.

एक जुनी युक्ती: एकच मागचं चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि हळूच रेस द्या. का चालते ते पुढच्या पायरीत येईल. पाच-दहा सेकंदांपुरतीच वापरा, नाहीतर ड्रम तापतात.

बर्फाच्या उतारावर गिअर झटक्यात खाली टाकू नका. इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, ती अडकतात आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या. शेपूट उजवीकडे निघाली तर स्टिअरिंगही उजवीकडे, आणि ब्रेकवरचा पाय काढा.

पायरी ६: बर्फाच्या साखळ्या

मनालीच्या वरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईच्या नंबरपाट्या हिवाळ्यात पलीकडच्या लाहौल खोऱ्यापर्यंत दिसतात. बर्फ पडला की सोलंगच्या वर पोलीस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. पिकअप टू व्हील ड्राइव्ह असेल तर साखळ्या मागच्या चाकांना, कारण ढकलणारी तीच.

साखळी टायरच्या भिंतीवरच्या मापाशी जुळणारी घ्या, आणि घरी लावून बघा. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एप्रिलच्या उन्हात घामाघूम होऊन साखळ्या लावत होतो, वॉचमनने येऊन विचारलं, "साहेब, गाडी चोरीला जायची भीती वाटते का?" पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली. तिकडे मनालीच्या पोराने शेजारच्या गाडीला चार मिनिटांत लावल्या, तेही उघड्या हातांनी. माझी बोटं हातमोज्यातून आकडा धरेनात, पण कुठली कडी आत आणि कुठली बाहेर हे पाठ होतं म्हणून निभावलं.

साखळी चाकापुढे पसरा, गुंता काढा, चाकावरून ओढून घ्या, आतला आकडा आधी, बाहेरचा नंतर, मग ताण. खडबडीत बाजू बाहेर, नाहीतर टायर कापतो. चाक हाताने फिरवून, किंवा गाडी एक फेरा पुढे घेऊन, साखळी पाट्याला, ब्रेकच्या पाइपला, शॉकला लागत नाही ना ते बघा. शंभर मीटर चालवून पुन्हा ताणा, त्या अंतरात ती हमखास सैल पडते. वेग चाळीसच्या आत. डांबर दिसलं की काढा. बोगद्याच्या नऊ किलोमीटरमध्ये रस्ता कोरडा आणि पलीकडे तोंडाशीच बर्फ असू शकतो, म्हणून उजेड दिसायला लागला की आधीच वेग उतरवा.

पायरी ७: आता लॉकरचं बोलू

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, म्हणून डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण ते जोर दोघांना सारखाच वाटतं. ओल्या गवतावरच्या डाव्या चाकाने जेवढा जोर झेलला, तेवढाच उजव्याला मिळतो, मग उजवं कोरड्या दगडावर का असेना. माझ्या गाडीचं उजवं चाक ढिम्म होतं ते यामुळे. हँडब्रेकने फिरणाऱ्या चाकाला ओझं मिळतं आणि तेवढा जोर दुसऱ्याला पोचतो. हेच काम ट्रॅक्शन कंट्रोल (गाडीतली चाक घसरणं थांबवणारी इलेक्ट्रॉनिक सोय) चाकागणिक ब्रेक लावून करतं, फक्त खोल चिखलात ते इंजिनचा जोरही कापतं, तिथे बंद करून बघा.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल क्लचच्या चकत्यांनी दोन्ही चाकं अर्धवट बांधतं. त्याला खास तेल लागतं, साधं घातलं की वळणावर कुरकुरतं. आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर चाकांच्या वेगात बराच फरक पडला की खट्कन बसतो. बटणाने लावायचा लॉकर हवा तेव्हाच लागतो, हायलक्समध्ये मागे तो कंपनीकडूनच येतो.

चिखलात आणि खडकात लॉकर म्हणजे दुसरी गाडीच. बर्फाच्या रस्त्यावर मात्र जपून. उघड्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं, दुसरं शांत राहून गाडीची शेपूट धरून ठेवतं. लॉक केलं की दोन्ही एकदम सुटतात आणि गाडी रस्त्याच्या उताराकडे, म्हणजे दरीकडे किंवा नाल्याकडे, आडवी सरकते. फक्त अडल्यावर लावा, निघाल्यावर काढा. गॅरेजमध्ये कोणी "डिफ्रेन्शियलला वेल्डिंग मारून देतो, लॉकरचं काम फुकटात" म्हणालं तर चावी परत घ्या आणि निघा. डांबरी वळणावर टायर घासून जातात आणि एक दिवस शाफ्ट जातो.

फोर बाय फोर असली तरी हा सगळा लेख लागू आहे. चार चाकं निघायला मदत करतात, थांबायला नाही. आणि पार्ट टाइम (हवी तेव्हा लावायची) फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून ठेवू नका.

टोचन करायची वेळ आली तर

दोर चॅसिसच्या हुकाला, डी शॅकलने (डी आकाराच्या लोखंडी कडीने). बंपरला, पाट्याला, धुऱ्याला नाही. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा ताडपत्री टाका, तुटला तर त्याचा झटका कमी होतो. बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा, आपल्याकडे दहा जण तरी जमतातच.

सरावाला समुद्रकिनारा निवडू नका. गाडी वाळूत नेली म्हणून पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि भरतीला तुमचं वेळापत्रक माहीत नसतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, भात लावलेलं खाचर सोडून पडीक जमीन मागा, आणि दुसरी गाडी बरोबर न्या.

घरी आल्यावर

हवा पूर्ववत करा, शक्यतो हायवेला लागण्याआधीच. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. खालून धुताना चाकांच्या आतल्या बाजूचा सुकलेला चिखल काढा, तो राहिला तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही उगाच अलाइनमेंटला पैसे घालता. हाउसिंगपर्यंत पाण्यात गेला असाल तर डिफरन्शियलचा वरचा बोल्ट उघडून बोट घालून तेल बघा. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल काळं-तपकिरी असेल तर ठीक. दुधाळ चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, आणि हाउसिंगवरची श्वासनळी (आतल्या हवेची ये-जा होणारी नळी) चिखलाने तुंबली आहे का तेही बघा. माझी तुंबली होती.